रोकड किती आली?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, रात्री

शेवटी आज रात्री पावणेनऊला आम्ही शेअर घेतलेल्या कंपनीचा निकाल पडला. सप्टेंबरअखेरच्या सहामाहीचे आकडे पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, म्हणजे आजच मुदत संपत होती. चांगले मार्क पडलेला पोरगा प्रगतिपुस्तक दारातूनच ओरडत आणतो. जेवणं झाल्यावर दप्तरातून हळूच काढणाऱ्याच्या बापानं आधी गणिताचं पान बघावं. हे शहाणपण मला आत्ता लिहिताना सुचालंय. तेव्हा मीही आधी नफाच बघितला.

बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या हॉटेलात आम्ही तिघं सातपासून बसलो होतो. बँकेतून रिटायर झालेले शेजारचे काका, खडे बाजारात मोबाइलचं दुकान असलेला पोरगा आणि मी. टीव्हीवर बिहारची मतमोजणी संपत आली होती, सगळं हॉटेल तिकडं बघालं होतं. आमच्या तीन माना तेवढ्या मोबाइलात. तिसरा चहा होईस्तोवर पोरगा ओरडला, “आला!”

विक्री गेल्या वर्षी याच सहामाहीत ४१ कोटी, यंदा ५८. नफा ३ कोटी १० लाखांवरून ४ कोटी ६० लाख. काकांनी बिलाच्या पाठीमागं भागाकार केला. “अठ्ठेचाळीस टक्के! सोमवारी वरचं सर्किट की हो!” सर्किट म्हणजे एका दिवसात भाव वर किंवा खाली जाण्याची ठरवून दिलेली हद्द. मग मिरची भजी आली. ती कुणी मागवली, कुणाला ठाऊक नाही. पोरगा म्हणाला, “म्हटलं न्हवतं मी?” त्यानं तसं कधीच म्हटलं नव्हतं. तो गेले तीन महिने विकू विकू म्हणालता.

कंपनी गुजरातेतली, लहानशी. सौर कृषी पंप बनवते आणि सरकारी योजनांत शेतावर बसवून देते. शेअर एसएमई बाजारातला, म्हणजे लहान कंपन्यांसाठी बीएसई आणि एनएसईनं २०१२ साली जो वेगळा कप्पा उघडला त्यातला. मोठ्या कंपन्यांचा निकाल दर तीन महिन्यांनी येतो, यांचा सहा महिन्यांनी. मधले सहा महिने आपण नुसतं भावाकडं बघत बसायचं. शिवाय एक शेअर घेतो, दहा विकतो असं इथं चालत नाही, सगळा व्यवहार लॉटात. आमचा लॉट १,२०० शेअरचा. गेल्या वर्षी इश्यूत, म्हणजे कंपनीनं पहिल्यांदा शेअर विकायला काढले तेव्हा, ९६ रुपयांनी लागला, एक लाख पंधरा हजार दोनशे. आज बंद भाव १४८.

घरी येऊन निपाणीला मामांना फोन केला. त्यांचाही एक लॉट आहे. अर्ज त्यांच्या नावानं, बोट माझं. नफा सांगितला, टक्के सांगितले. पलीकडं थोडा वेळ शांत. मग मामा म्हणाले, “ते बरं झालं. रोकड किती आली?”

म्हटलं, उद्या बघून सांगतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मामांचा जन्म तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून गेला. १९८१ साली निपाणीचे शेतकरी हायवे अडवून बसले तेव्हा मामा तिशीत होते आणि अर्थात वखारीच्या बाजूला होते. त्याबद्दल ते अजून फारसं बोलत नाहीत. एवढं मात्र एकदा म्हणाले होते, की माल वखारीत येऊन पडला तरी शेतकऱ्याच्या हातात पैसा पडलेला नसतो, आणि हे अंतर किती ठेवायचं ते ठरवण्यावरच शेठजींचं सगळं चालायचं. त्यामुळं “रोकड किती” हा प्रश्न त्यांना आपोआप पडतो. मी बी. कॉम., तेवीस वर्षं हिशेब लिहितोय, आणि मला तो पडला नाही, याची लाज सकाळी दात घासताना वाटली.

कारखान्याला अर्धा दिवस. साहेब हुबळीला गेलेले. निकालाची फाइल कॉम्प्युटरवर उघडली. स्कॅन केलेली अकरा पानं, त्यातली दोन आडवी. एका पानाच्या कोपऱ्यात कागद धरणाऱ्याच्या अंगठ्याची सावली, प्रत्येक पानावर निळा गोल शिक्का. पहिली पानं ऑडिटरच्या पत्राची. सहामाहीचं पुरतं ऑडिट होत नाही, ‘लिमिटेड रिव्ह्यू’ होतो, म्हणजे ऑडिटर वरवर चाळून सांगतो की आम्हाला खटकण्यासारखं काही दिसलं नाही. मग नफा-तोटा. मग ताळेबंद. रोख प्रवाहाचं पान आठवं, आणि नेमकं तेच आडवं. मान वाकडी करून वाचलं. मग लक्षात आलं, फिरवायचं बटण आहे.

धंद्यातून आलेली रोकड: वजा ९ कोटी.

ताळेबंदात येणी मार्चअखेर २२ कोटी होती, सप्टेंबरात ३९. बँकेचं अल्प मुदतीचं कर्ज ८ वरून १५. कॅलक्युलेटर काढला. ५८ कोटींच्या विक्रीवर ३९ कोटी येणं म्हणजे साधारण चार महिन्यांची विक्री लोकांकडं अडकलेली. पंप गेले, बिलं फाटली, नफा लिहिला गेला, पैसे आले नाहीत. अडलेल्या पैशाची जागा बँकेनं भरली. खोटं कुठं काही नाही. हिशेबाचा नियमच असा आहे की माल दिला, बिल केलं की विक्री धरायची. त्या ५८ कोटींतले आपल्या खिशात किती, हे आठव्या पानावर आडवं लिहिलेलं असतं.

आणि हे मला कुणी शिकवायची गरज नाही. उद्यमबागेत आमची लहान मशीनशॉप. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं जॉबवर्क करून हायड्रॉलिकवाल्यांना पाठवतो. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा, गिऱ्हाइकाकडून दमडी आलेली असो नसो. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ चा आहे. न दिले तर देणेकऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, ही गाठ आयकरानं मागाहून मारली, २०२३-२४ च्या हिशेबापासून. त्या मार्चला आमच्याकडं तीन गिऱ्हाइकांचे पैसे शेवटच्या आठवड्यात न मागता आले. साहेबांनी कुंदा वाटला. एप्रिलपासून परत जैसे थे.

म्हणजे निकाल सांगायला पंचेचाळीस दिवस आणि पैसे द्यायलाही पंचेचाळीस दिवस. पहिली मुदत लोक रात्री पावणेनऊला का होईना, पाळतात.

आमचा बैलहोंगलचा म्हातारा टर्नर आहे. साहेब जोरात असले की म्हणतात, ऑर्डर भरपूर आहेत, ओव्हरटाइम करा. तो लेथ न थांबवता हसतो, “आर्डर भाळ अदाव, रोक्क एल्लैत्रि?” ऑर्डरी ढीग आहेत, पैसा कुठाय? दर दोन-तीन महिन्यांनी हे ऐकून मी हसतो. त्याच खुर्चीत बसून मी हा लॉट घेतला होता. इश्यूच्या वेळी या कंपनीची येणी मी बघितली होती का? नव्हती. इश्यू चारशेपट भरला म्हणून काकांचा फोन आला आणि मी बोट दाबलं.

दुपारी काकांना आठव्या पानाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर अंगठा. पोराला पाठवला. त्याचा उलटा फोन, “सरकारचे पैसे हाईत हो, बुडत्यात होय कुठं?” हे काही चूक नाही. सरकारचे पैसे सहसा बुडत नाहीत. पण व्याज बँक रोज लावते आणि सरकार त्या उशिराचं व्याज देईल या भरवशावर कंपनी चालत नाही. मी एवढंच म्हटलं. तो म्हणाला, “तुम्ही लई विचार करतासा.” खरं तर मी विचार केलाच नव्हता, हीच तर तक्रार आहे.

मामांना रात्री सांगितलं. वजा नऊ. “हं,” म्हणाले. जेवलास का विचारलं. ठेवला.

रविवार, १६ नोव्हेंबर

ताईकडं चंदगडला गेलो. शिनोळीपासून महाराष्ट्र. पाटी बदलते, भातं तीच. मळण्या सुरू आहेत, रस्त्यावर पिंजर पडलेलं.

दाजींच्या रानात उन्हाळ्यापासून सौर पंप बसलाय. दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचा, आमच्या नव्हे. पण मला आज त्याच्याकडं माझ्या लॉटाचा चुलतभाऊ असल्यासारखं बघावंसं वाटलं. जमीन अडीच एकराच्या वर आणि पाचच्या आत, म्हणून पाच एचपीचा. महाराष्ट्रात शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. बाकीचा भार सरकारांचा. दाजी पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसतात, म्हैस धुतल्यासारखी. कंट्रोलरच्या डब्याला त्यांनी वरून पत्रा मारलाय, पावसासाठी.

“रात्रीचं रानात जाणं सुटलं,” दाजी म्हणाले. “गव्याची भीती न्हाई, करंटाची न्हाई. दिसा पाणी पाजतो.” चंदगडात हे किती मोठं आहे ते रात्री रानात गेलेल्यालाच कळेल.

मी विचारलं, बसवणाऱ्यांना पैसे मिळाले का? दाजींना हसू आलं. “मला काय ठाऊक? पोरं आली, खड्डा काढला, पॅनेल उभं केलं, माझ्यासकट फोटो काढला. सही घेतली. गेली.” मग आठवून म्हणाले, “त्यातलं एक पोरगं पुन्हा आलतं. पहिल्या फोटोत माझे डोळे मिटलेले म्हणून परत फोटो पायजे म्हणालं.”

त्या पोराचा हेलपाटा मला दिवसभर डोक्यातून जाईना. दाजींच्या मिटलेल्या डोळ्यांमुळं खरंच बिल अडतं का, देव जाणे. पण शेतकऱ्याचे दहा टक्के आधी येतात आणि उरलेले नव्वद असल्या कागदांच्या मागं लागून आणायचे असतात. शिवाय बसवल्यावर पाच वर्षं देखभाल कंपनीकडंच. ५८ कोटींची विक्री म्हणजे असे कितीतरी फोटो, कितीतरी सह्या. कंपनी वाईट नाही. पंपातून पाणी येतं, मी ते पिऊन आलो. फक्त ती जितकी जास्त पळेल तितकी तिला जास्त उधार घ्यावं लागणार. विक्री आणखी वाढली तर मी टाळ्या वाजवायच्या की घाबरायचं?

ताईनं रताळी दिली, पोतंभर.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सव्वानऊला बाजार उघडला आणि काकांचं भविष्य खरं ठरलं. १५५ रुपये ४० पैसे. पाच टक्क्यांचं वरचं सर्किट. घेणारे रांगेत, विकणारा कुणी नाही. काकांनी फोन करून फक्त हसून दाखवलं. पोरानं दुकान उघडायच्या आधी आणखी एक लॉट मिळतोय का बघितलं, मिळाला नाही, त्याचंच त्याला दुःख.

आठवं पान कुणीच वाचलं नसेल का? की वाचून रांगेत उभे आहेत? मला वाटतं वाचलंय त्यांनी, आणि आपण इतरांच्या आधी बाहेर पडू असं प्रत्येकाला वाटतंय. खालचं सर्किट लागलं की रांग उलटी होते आणि तिथं लॉट घेणारा कुणी नसतो. एसएमईत हे मी एकदा भोगलंय. सलग सहा दिवस विकायला लावलं, सहा दिवस कुणी घेतलं नाही. तेव्हाही निकाल ‘चांगलाच’ होता.

सव्वादहाला मामांचा फोन. पाठीमागं एसटीचा आवाज. “माझा लॉट विक.”

म्हटलं, मामा, आज सर्किटला आहे, उद्या अजून वर जाईल कदाचित.

“जाऊ दे की. आज घेणारा रोख घेऊन उभा हाय न्हवं? मग विक.”

ओटीपी त्यांच्या फोनवर, तो सांगायला त्यांना चष्मा लागतो, चष्मा पिशवीत, पिशवी एसटीच्या वरच्या फळीवर. पंधरा मिनिटं गेली. विकायला लावला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. एक लाख शहाऐंशी हजार चारशे ऐंशी, वर दलाली-कर जाईल ते. मामांना सांगितलं. “बरं,” म्हणाले.

मग माझा लॉट उघडला. तोच भाव, तीच रांग. १,२०० लिहिलं. विक्रीच्या लाल बटणावर अंगठा नेला. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावा म्हणून. जुलैचं बिल आहे. फोन लावला. तिकडच्या अकाउंटवाल्या बाई फार गोड बोलतात. “सर, फाइल साइनला गेलीय, पुढच्या आठवड्यात नक्की.” मी म्हटलं ठीक आहे मॅडम. डायरीत लिहिलं, २४ ला परत फोन.

मोबाइलवर परत आलो तोवर अ‍ॅप आपोआप बंद झालं होतं. परत उघडता आलं असतं. साडेतीन वाजेपर्यंत वेळ होता. उघडलं नाही. का, ते इथं खरं लिहायचं तर एवढंच, की उद्या १६३ दिसेल असं वाटालंय.

आत्ता नऊ वाजता मामांचा पुन्हा फोन आला. पैसे कधी येतील विचारलं. म्हटलं, उद्या दलालाकडं, मग बँकेत. मग म्हणाले, “तुझा गेला का?”

“न्हाई. बघालोय.”

“बघ,” म्हणाले, आणि रताळी किती आणली ते विचारलं.