कढीपत्त्याच्या उरल्या काड्या

मागच्या नोंदीत कढीपत्त्यावर सात अळ्या मोजल्या होत्या. आता मोजायला पानंच नाहीत. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी कोवळ्या पानाला पोटाचं टोक टेकवत एकेक सुटं अंडं घालून जाते, ते पाहताना कौतुक वाटलं होतं. बिल नंतर आलं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, शेवटून दुसरी कात टाकेपर्यंत तशीच, मग एकदम हिरवीगार. डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं काढते आणि असा उग्र वास सोडते की हात मागे येतोच.

सातांतल्या तीन गायब. शिंपी पक्ष्यांची जोडी त्याच दिवसांत झाडात घुसायला लागली होती, त्यामुळे तपास बंद. (दोन्ही पाहुणे मीच बोलावलेत.) चार कोषात गेल्या. हिरव्या डहाळीवरचा कोष हिरवा, सुकलेल्या काडीवरचा तपकिरी, हे वाचलं होतं पण शेजारी-शेजारी पहिल्यांदाच पाहिलं. तिघांतून फुलपाखरं उडाली. चौथा काळपट पडला तेव्हा वाटलं, पंख दिसायला लागले. चार दिवस तो तसाच काळा. मग टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि त्यातून चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या, एकामागून एक. कोष मऊ असतानाच त्यांच्या आईनं आत अंडी घातली असणार. रुमाल टाकून धरावंसं वाटलं खरं. नाही धरल्या. फक्त आपल्या आवडीचेच जीव यावेत, तर मग प्लास्टिकची फुलपाखरं लावलेली बरी.

एक चूक कबूल करतो. रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराची वाट पाहत होतो, आला मावा, रस शोषणारी बारीक कीड. घाईनं साबणाचं पाणी मारलं. त्यात माव्यासोबत मगरीसारखे दिसणारे काळे-नारिंगी किडेही मेले, आणि ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) पिल्लं होती हे मला संध्याकाळी कळलं. मावाच खायला आलेली! मावा आठवड्यात परत आला, ढालकिडे अजून नाहीत.

माश्यांच्या घरट्यांसाठी टांगलेल्या बांबूच्या नळ्या आता आडव्या, तोंडाकडे किंचित उतरत्या बांधल्यात. आधी पाणी साचत होतं. दोन नळ्यांची तोंडं पानाच्या गोल तुकड्यांनी बंद झालीयेत, म्हणजे पानकापी माशी राहायला आली. गुलाबाच्या पानांचे अर्धगोल कापलेले काठ पाहून आनंद होणारा माणूस मी झालोय, घरच्यांना ते अजून पटलेलं नाही.

कढीपत्त्याच्या मुळाशी दोन पिलं फुटलीत. वेगळी करून लावतो. जाळी एकालाच.