सनस्क्रीनवर आळ

रिपोर्टवरचा आकडा होता ९.४. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे रक्तातलं डी, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. २० च्या खाली म्हणजे कमतरता. टाचा आणि कंबर धरायला लागली म्हणून केलेली तपासणी. आईने निकाल लावून टाकला, "तोंडाला ते पांढरं फासतेस ना, त्यानेच!"

मलाही पटलं. बाळंतपणानंतर गालांवर वांगाचे डाग आले तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, एसपीएफ ३० चं सनस्क्रीन रोज लावत होते. ते नीट लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) अडतं, आणि कातडीत डी तयार होतं ते यूव्हीबीनेच. ट्यूब कपाटात गेली. महिनाभरात डाग पहिल्यापेक्षा गडद झाले.

रिपोर्ट घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. "किती लावता?" मी वाटाण्याएवढं दाखवलं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लागतं म्हणे. (माझी काटकसर म्हणजे पुण्यात वाढल्याचा परिणाम, दुसरं काय.)

"आणि हातांना?"

"हातांना काहीच नाही."

"मग हातांनी का नाही बनवलं डी?"

कारण हातांना ऊन दिसतच नव्हतं! स्कूटरवर डोळे सोडून सगळीकडे स्कार्फ, वर सनकोट, हातमोजे. दिवसभर ऑफिसात काचेआड, आणि खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ आत येऊच देत नाही. माझी सगळी भिस्त रविवारी सकाळी सातच्या टेकडीवर, कोवळ्या उन्हावर. पण तेव्हा किरण तिरपे, यूव्हीबी जेमतेम. आपली सावली आपल्याहून आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. त्यात माझा रंग सावळा. मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) जास्त, म्हणून डी बनायला वेळही जास्त लागतो.

आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी, असे आठ आठवडे. डी स्निग्धात विरघळतं, म्हणून जेवणानंतर दुधातून. चिठ्ठीवर 'आठवड्याला'खाली दोन रेघा मारल्या होत्या. रोजची समजून घेणारे भेटतात, आणि साठलेलं डी रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

तीन महिन्यांनी आकडा ३३. टाचा बऱ्या आहेत, कंबर मात्र अधूनमधून बोलतेच. आता डबा खाल्ला की ऑफिसच्या गच्चीवर बाह्या दुमडून थोडा वेळ बसते, तोंडाला सनस्क्रीन लावून. दोन बोटं भरून. ट्यूब महिन्यात संपते, तेवढं जिवावर येतं.