मॉस्कवा नदीच्या काठाने ‘विंड ऑफ चेंज’कडे

क्रेमलिन, रेड स्क्वेअर आणि झुंबरांनी उजळलेली मेट्रो स्थानके मीही पाहिली, पण त्यांविषयी भरपूर लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते मॉस्कोतल्या एका नदीकाठाविषयी, कारण ‘स्कॉर्पियन्स’ या जर्मन बँडच्या ‘विंड ऑफ चेंज’ची मुळे तिथे आहेत आणि हे गाणे बर्लिनची भिंत पडल्यावर लिहिले गेले, हा सार्वत्रिक गैरसमज मला फार वर्षे खटकत आला आहे.

वरोब्योवी गोरी हे मेट्रो स्थानक नदीवरच्या पुलावरच आहे. फलाटाच्या काचेच्या भिंतींतून खाली संथ पाणी दिसते. एका काठाला लुझ्निकी स्टेडियम आहे आणि दुसऱ्या काठाला झाडीने भरलेला उतार. या दुसऱ्या काठाने, नेस्कुचनी बाग ओलांडून, प्रवाहाच्या दिशेने चालत गेले की गोर्की पार्क येते. पर्यटकांसाठी नौका आहेत, पण त्यांवरचे ध्वनिक्षेपक इतके कर्कश होते की ज्या नदीसाठी इतक्या दूर यायचे तिचाच आवाज ऐकू येऊ नये, याचा मला मनस्वी संताप आला. म्हणून मी पायीच निघालो.

12 आणि 13 ऑगस्ट 1989 रोजी लुझ्निकी स्टेडियममध्ये, ज्याचे नाव तेव्हा लेनिन स्टेडियम होते, ‘मॉस्को म्युझिक पीस फेस्टिव्हल’ झाला. बॉन जोव्ही आणि ओझी ऑसबोर्न या रॉक कलाकारांबरोबर स्कॉर्पियन्सही तिथे वाजवून गेले. आदल्याच वर्षी त्यांचे मॉस्कोतले कार्यक्रम रद्द झाले होते आणि त्यांना लेनिनग्राडमध्येच वाजवावे लागले होते. या वेळी मात्र बंदोबस्ताला उभे असलेले लाल सेनेचे जवानच रंगमंचाकडे तोंड करून श्रोत्यांत सामील झाले. त्याच दिवसांत वादक, पत्रकार आणि सैनिक एका नौकेतून गोर्की पार्कला गेले. गायक क्लाउस माइने यांच्या मनात गाण्याचे बीज पडले ते या दिवसांत, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी शब्द व चाल दोन्ही रचली. भिंत पडली 9 नोव्हेंबरला. गाणे ‘क्रेझी वर्ल्ड’ या अल्बममध्ये 1990 च्या अखेरीस आले आणि तोवर युरोपच बदललेला असल्याने लोकांनी त्याला विजयगीत मानले. माझ्या मते ते विजयगीत नाही. पुढे काय होणार याची कोणतीही खात्री नसताना धरलेली ती आशा आहे, म्हणूनच त्यात जल्लोष नाही.

काठाने चालताना गाण्याची लय पावलांशी सहज जुळत गेली. सुरुवातीची शीळ कोणत्याही वाद्यावर वाजवता आली असती, पण शिळेमुळे एकटा माणूस रस्त्याने चालला आहे असे वाटते. रेकॉर्ड कंपनीला ती नको होती. बँडने ती काढूनही पाहिली आणि शेवटी परत ठेवली, हे फार बरे झाले. गाणे सी मेजर या पाश्चात्त्य स्वरश्रेणीत आहे. कडव्यात सी मेजर आणि डी मायनर या दोन स्वरमेळांत (कॉर्ड्समध्ये) ये-जा चालते, जणू पाऊल टाकावे की नाही असा विचार चालू आहे. मग ध्रुवपदात ढोल आणि विद्युत गिटार एकदम भरून येतात आणि आवाज वर चढतो. हार्ड रॉक वाजवणाऱ्या बँडने इतका वेळ स्वतःला आवरून धरावे, यातच या बॅलडचे, म्हणजे संथ भावगीताचे, सामर्थ्य आहे.

गोर्की पार्कच्या भव्य स्तंभांच्या प्रवेशद्वारापाशी तरुणांची दाट गर्दी होती. गर्दीचा मला एरवी त्रास होतो, तिथे झाला नाही.

माझ्या त्या प्रवासानंतर, 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा माइने यांनी मॉस्कवा आणि गोर्की पार्कचा उल्लेख असलेल्या सुरुवातीच्या ओळी बदलून युक्रेनचे नाव घातले. काही चाहत्यांना ते रुचले नाही. मला तो निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो, कारण गाणे त्या नदीकाठावर सुचले असले तरी ते बांधील होते तिथल्या माणसांनी 1989 मध्ये धरलेल्या आशेला, शहराच्या नावाला नव्हे.