अभ्यास झाला का?

लहानपणी संध्याकाळी हा प्रश्न कानावर आला की मी वही मिटत मिटत ‘झाला’ असे सांगत असे. पुढे व्याकरणाशी थोडी ओळख झाल्यावर ध्यानात आले की खोटेपणा माझ्या उत्तरापेक्षा त्या प्रश्नातच अधिक होता. कारण अभ्यास ही होऊन संपणारी गोष्ट मुळातच नव्हे.

‘अभि’ या उपसर्गापुढे ‘अस्’, म्हणजे फेकणे, हा धातू येऊन हा शब्द घडला आणि संस्कृतात तो पुनरावृत्तीसाठी रूढ झाला. पाणिनीने तर द्विरुक्त धातूच्या पहिल्या भागालाच ‘अभ्यास’ अशी संज्ञा दिली. ‘ददाति’ या रूपातला पहिला ‘द’ म्हणजे अभ्यास, आणि तोही मूळच्या ‘दा’चा आखूड झालेला! (माझ्या अभ्यासाचेही बहुधा असेच होई.) योगसूत्रांतला अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करायचा असतो. अभ्यासाने कार्यसिद्धी होते हे सांगताना तुकोबांनी खडकाचे अंग भेदणाऱ्या ओल्या मुळाचा दाखला दिला आहे. त्यात पुस्तकाचा काही संबंध नाही.

हिंदीत आजही अभ्यास म्हणजे सराव, आणि शाळेतल्या शिकण्याला ‘पढाई’ हा निराळा शब्द आहे. मराठीने मात्र सराव खेळाडूंकडे आणि रियाज गवयांकडे सोपवून अभ्यासाला पुस्तकापुढे बसवले. मग तो दिला जाऊ लागला, बुडू लागला, मागे राहू लागला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री चक्क उरकला जाऊ लागला. पुन्हा पुन्हा करण्याच्या गोष्टीला ‘उरकणे’ हे क्रियापद जोडण्याचे धाडस आपण कसे केले, याचे मला अजून नवल वाटते.

शाळा सुटली की याच शब्दाचे वजन वाढते. एखाद्याला हुशार म्हणताना आपण त्याच्या बुद्धीचे कौतुक करतो, तर अभ्यासू म्हणताना त्याने घालवलेल्या वर्षांचे. ‘त्या विषयाचा माझा अभ्यास नाही’ हे वाक्य ज्याला सहज उच्चारता येते, त्याच्या इतर विषयांवरील मतांवर मी थोडा अधिक विश्वास ठेवतो. अर्थात काम टाळण्यासाठीही ते तितकेच सोयीचे आहे.

आणि एखादे प्रकरण अभ्यासासाठी समितीकडे सोपवल्याचे वाचले, की ‘झाला का?’ असे विचारण्याच्या भरीस मी पडत नाही. या शब्दाचा मूळ अर्थ निष्ठेने जपणारी मंडळी बहुधा तेवढीच उरली आहेत.