तुम्ही विचारलंत म्हणून: मी फॉर्म का भरून देत नाही

"मॅडम, तुमाले तं सारं येते, मंग भरून देत काहून नाई?" आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकते. शाळा सुटताना फाटकाशी कोणीतरी मोबाईल घेऊन उभं असतं. मी फोन हातात घेत नाही. शेजारी बसते, बटण त्यांनाच दाबायला लावते. "मॅडमले लय गर्व हाये," हेही कानावर आलंय.

तर ऐका. 2024 चा खरीप. शेजारच्या काकाजींचं तीन एकर सोयाबीन. सातबाऱ्यावर पीक चढवायचं तर ई-पीक पाहणी करावी लागते, आणि ॲपला फोटो वावरात उभं राहूनच हवा. रविवारी गेलो. पायाला चिखल, रेंजची एक दांडी येत-जात. काकाजी म्हणाले, "तुमीच करा, मले काय समजते." मी गट नंबर निवडला, पीक निवडलं, फोटो काढला. स्क्रीनवर काहीतरी आलं, ते 'ठीक आहे' दाबून घालवलं नि फोन परत दिला. वर्गात 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडणाऱ्या बाईनं दोन ओळी वाचल्या नाहीत. माहिती फोनमध्येच साठली होती. रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा, एवढंच तिथं लिहिलं होतं.

हमीभावाच्या खरेदीची नोंदणी करायला काकाजी गेले, तर पिकाचा रकाना कोरा. हमीभाव 4,892 रुपये क्विंटल, बाजारात त्याहून बराच कमी. काकाजींनी व्यापाऱ्याला माल घातला. मला वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त सातबारा आणून माझ्यापुढे धरला, "पाहा बरं मॅडम, कुठीसा लिहेल असन." तो कोरा रकाना मी बराच वेळ वाचत बसले.

त्याआधी 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या सर्वेक्षणात याच काकाजींच्या नावापुढे 'असाक्षर' मीच लिहिलं होतं. जनगणनेच्या हिशेबानं सात वर्षांवरचा, कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा तो साक्षर. 'समजून' हा शब्द मी डी.एड.ला पाठ केला होता. त्या रविवारी वावरात दोघांपैकी साक्षर कोण होतं, सांगा.

माझीही बाजू आहे. उल्लासमध्ये डिजिटल साक्षरताही येते, पण आम्हा मास्तरांच्या वाट्याला ती लिंक होऊन आली. ग्रुपवर 'आज पाचपर्यंत भरा' पडतं, आम्ही भरतो. 'दीक्षा' या शिक्षकांच्या सरकारी प्रशिक्षण ॲपवरचे व्हिडिओ पुढे ढकलत मिळवलेली प्रमाणपत्रं माझ्याकडेही आहेत. न वाचता 'पुढे' दाबायची सवय तिथूनच लागली, असं स्वतःला सांगते. खरं असेल. सोयीचं तर आहेच.

आधीची मी अजून भांडते: भरून दिलं तर निदान काम होतं, तू शिकवत बसतेस नि मुदत निघून जाते. बोलते बरोबर. लाडकी बहीणची ई-केवायसी चालू होती तेव्हा एक बाई आली. नवऱ्याचाही आधार लागत होता, त्याचा ओटीपी त्याच्या फोनवर, तो वावरात. दोनदा वेळ संपली. तिची मजुरी बुडत होती. तिसऱ्यांदा मी फोन ओढून घेतला नि भरून टाकलं. तिला वाचूनही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी सातजणी उभ्या होत्या.