लेखी कारण

राइडवर कुणाला बसवायचं यापेक्षा कुणाला बसवायचं नाही, यासाठी मला पगार मिळतो. महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या अम्यूझमेंट पार्कात मी रोलरकोस्टरचा इन-चार्ज आहे. पार्कचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे. मे महिन्यातल्या एका शनिवारी पोलिओ झालेल्या एका बाईंना मी राइड नाकारली. नाकारणं रोजचंच. पण त्या नकाराचं नेमकं कारण काय, ते त्या दिवशी मला पहिल्यांदाच कागदावर लिहावं लागलं, आणि तिथेच मी अडकलो.

लोकांना वाटतं बटण दाबलं की गाडी सुटते. गेट उघडायच्या अडीच तास आधी आम्ही ट्रॅकवर असतो. चाकं तीन जातीची असतात. एक वरून धावणारी, एक बाजूने रूळ धरणारी, आणि एक रुळाच्या खालून लागणारी. गाडी उंचवट्यावरून झेपावते तेव्हा तिला रुळावर धरून ठेवतात ती ही तिसरी. एकेका चाकाच्या पॉलियुरेथेनला बोट फिरवून बघायचं, कुठे चीर पडली का, पापुद्रा सुटलाय का. मग रिकाम्या गाडीच्या फेऱ्या. चेनवर चढताना जी खट-खट-खट ऐकू येते, ती गाडीला मागे घसरू न देणाऱ्या खिट्ट्यांची. पब्लिक त्या आवाजाने किंचाळतं, मी त्याच आवाजावर चहा पितो. एखादा खट चुकला तर मात्र कप खाली.

आणि लॅपबार. आमच्या गाडीला प्रत्येक सीटचा बार वेगळा आहे. जुन्या गाड्यांत दोघांत मिळून एक असायचा. तो जाड माणसाच्या मांडीवर टेकायचा, आणि शेजारचं बारीक पोर मधल्या फटीत मोकळं. माथ्यावरून गाडी खाली वळते तेव्हा अंग सीटवरून उचललं जातं. ते सेकंदभर माणसाला गाडीत ठेवतो तो बार, आणि बार धरतो मांडीला. म्हणजे प्रवाशाची मांडी हा आमच्या यंत्राचाच एक सुटा भाग आहे, फक्त तो रोज नवा येतो आणि त्याचं इन्स्पेक्शन आम्हाला चार सेकंदांत करायचं असतं. बार खाली दाब, वर खेच, पुढची सीट.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेक पार्कची केस सांगतात. जुलै २०११. इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला २९ वर्षांचा माजी सैनिक रोलरकोस्टरवर बसला, आणि धावत्या गाडीतून बाहेर फेकला जाऊन मेला. दोन्ही पाय असल्याशिवाय बसवायचं नाही, असा त्या राइडचा नियम होता. तो तिथल्या पोरांनी पाळला नाही. मी त्या पोरांचा फार विचार करतो. देशासाठी पाय दिलेल्या माणसाला, घरच्यांसमोर, 'तुम्ही नाही' असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नसणार. म्हणून मी आमच्या पोरांना सांगतो, दया आली की मला बोलवा, तुम्ही निर्णय घेऊ नका.

तर तो शनिवार. सकाळी साडेअकराला लिफ्टच्या, म्हणजे गाडी चढावर ओढणाऱ्या चेनच्या, ड्राइव्हला फॉल्ट आला आणि भरलेली गाडी चेनवर पाऊण उंचीला थांबली. अशा वेळी चढाच्या कडेने जाळीच्या पायऱ्या असतात, शंभरेक. आमची माणसं वर जातात, एकेक बार हाताने सोडतात, आणि प्रवाशाला पुढे-मागे धरून खाली आणतात. चोवीस प्रवासी. तेवीस जण निमूट उतरले. चोविसावा, जिममध्ये कमावलेले दंड असलेला, पस्तिशीतला गृहस्थ, जाळीतून खालची जमीन दिसल्यावर कठड्याला मिठी मारून बसला तो हलेना. त्याला पायरी पायरी बसवत खाली आणायला चाळीस मिनिटं गेली. खाली आल्यावर पाणी मागितलं आणि खिशातून बीपीच्या गोळीची पट्टी काढली. माझ्यासमोरच, निर्विकारपणे.

प्रवेशद्वाराशी आमचा फलक आहे. गर्भवती महिला, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान-पाठीचे विकार, फिट येणाऱ्या, मद्यपान केलेल्या आणि अपंग व्यक्तींना प्रवेश नाही. यातलं रांगेत उभं असताना दिसतं काय? मोठं पोट, तोंडाचा वास आणि कुबडी. बाकी सगळे तिकीट फाडून आत. स्टेंट घातलेले आजोबा नातवाच्या हट्टापायी बसतात. हिमोफिलिया असलेल्या पोरांना झटके बसणाऱ्या राइडवर डोक्यात किंवा सांध्यात रक्तस्राव होऊ शकतो, आणि बघून ती पोरं कुणालाही ओळखू येणार नाहीत. टाइप वन मधुमेहाच्या एका मुलीकडची ग्लुकोज बिस्किटं आमच्या गेटवरच्या सिक्युरिटीने 'बाहेरचं खाणं' म्हणून काढून घेतली होती. ती वेव्ह पूलमध्ये तासभर खेळली, साखर उतरली, आणि मग मेडिकल रूममधली सिस्टर पळत कँटीनमधून साखर आणायला गेली. साखरच्या साखर द्यायची, चॉकलेट नाही, चॉकलेटमधल्या चरबीने साखर चढायला वेळ लागतो, हे त्या दिवशी सिस्टरने मला शिकवलं. गेटवरचा नियम अजून तसाच आहे.

दुपारी अडीचला अटेंडंट पोराने मला खूण केली. बाई पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या, डाव्या पायाला कमरेखालपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, हातात कोपरापर्यंतची कुबडी. बरोबर चौदाएक वर्षांची मुलगी, जिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. सरकारी कचेरीत क्लार्क आहेत, हे नंतर कळलं. कळायची गरज नव्हती म्हणा, बोलण्यावरूनच दिसत होतं.

मी फलक दाखवला. त्या म्हणाल्या, "दादा, फलक वाचलाय मी. मला तुमची भीती सांगा. नेमकं काय होईल?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक भांडतात, विनवतात, ओळखी सांगतात. कारण कुणी विचारत नाही. मला, खरं सांगतो, बरंच वाटलं. मी त्यांना बाजूला टेस्ट सीटपाशी नेलं. त्या बसल्या, कॅलिपरचा गुडघ्याचा खटका सोडून पाय वाकवला, मी बार खाली घेतला. आणि दोघांनाही एकाच वेळी दिसलं. बार उजव्या मांडीवर नीट टेकला, डावीकडे मात्र मांडीवर न टेकता कॅलिपरच्या लोखंडी पट्टीवर आणि वरच्या चामडी पट्ट्यावर अडला. पॅनलवर हिरवा दिवा लागला असता. दिव्याला मांडी आणि लोखंड यातला फरक कळत नाही.

"म्हणजे काढून बसायचं," त्या म्हणाल्या. कॅलिपर काढला. पाय मनगटाएवढा बारीक, पण मांडी मांडीच, आणि उजवी तर जिने चढून कमावलेली. बार दोन्हीकडे टेकला. मी त्यांना उठायचा प्रयत्न करा म्हटलं, जराही सरकता आलं नाही. ताठ बसल्या होत्या, दोन्ही हातांनी दांडा घट्ट. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये प्रवाशाबद्दल जे लिहिलंय ते मला पाठ आहे: आधाराशिवाय ताठ बसता यावं, दांडा धरता यावा, बार दोन्ही मांड्यांवर टेकावा, आणि गाडी अडकली तर कर्मचाऱ्यांच्या मदतीने पायऱ्या उतरता याव्यात. अपंग हा शब्दच मॅन्युअलमध्ये नाही. तो फलकावर आहे, आणि फलक ज्यांनी लिहिला ते कधी लिफ्टच्या पायऱ्या चढलेले मला आठवत नाहीत.

मी म्हटलं, "ताई, बार लागतोय. पण गाडी वर अडकली तर? कॅलिपरशिवाय तुम्ही उतरणार कशा? आणि कॅलिपर सुटा घेऊन गाडीत बसू देता येत नाही, उडाला तर मागच्याच्या डोक्यात बसेल."

त्यांनी विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. "कॅलिपर तुमच्या या मुलाकडे राहू दे. गाडी अडकली तर तो वर येणारच आहे ना? घेऊन येईल. मी सीटवर बसूनच चढवीन, चार-पाच मिनिटं लागतील. मला शेवटी उतरवा. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट महिन्यातून आठ दिवस चालते."

मी सकाळीच त्या जाळीवरून एका धडधाकट माणसाला बसवून बसवून उतरवलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मागची रांग तोपर्यंत वैतागली होती. आपल्याकडची गर्दी अशा वेळी फार प्रेमळ होते. "ताई, कशाला जिवाशी खेळता?" "मुलीचा तरी विचार करा." कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना प्लीज." बाई तिला म्हणाल्या, "तू जा. बस जा तू. मी इथे आहे." मुलगी खरंच गेली, एकटी, पहिल्या सीटवर.

मी मॅनेजरला फोन लावला. सगळं सांगितलं, कॅलिपरची योजनासुद्धा. पलीकडून उत्तर आलं, "फलक वाचून दाखव आणि विषय संपव. उद्या असे दहा आले तर?" माणूस वाईट नाही. २०१९ साली अहमदाबादला कांकरिया तलावाजवळची झुलती राइड तुटून दोन जण गेले, तेव्हापासून त्याला प्रत्येक प्रश्न पोलीस पंचनाम्यासारखा ऐकू येतो. पण दहा आले तर काय, याचं उत्तर 'दहा वेळा टेस्ट सीट' असं असू शकतं हे त्याला सुचत नाही. अमेरिकेतली मोठी पार्कं राइडवार यादी छापतात: या राइडला किती हात-पाय लागतात, त्या राइडला व्हीलचेअरवरून सीटवर स्वतः सरकता यायला हवं का. घरून वाचून माणूस ठरवून येतो. आमच्याकडे सगळ्या राइडना मिळून एकच ओळ.

बाईंना मी सांगितलं, परवानगी नाही. त्या चिडल्या नाहीत. पर्समधून पेन काढून म्हणाल्या, "ठीक आहे. लेखी द्या. कारणासहित. २०१६ चा कायदा आहे दिव्यांगांचा, त्यात करमणुकीचंसुद्धा कलम आहे, तुमच्या साहेबांना वाचायला सांगा."

राइडची लॉगबुक असते, पानांवर छापील नंबर असलेली. तिच्यात मी तारीख-वेळ टाकली, 'प्रवेश नाकारला' लिहिलं, आणि 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. सुरक्षा लिहू? बार तर टेकला होता. सुटका शक्य नाही लिहू? त्यांनी मार्ग सांगितला होता, आणि तो चालला नसता असं मी शपथेवर म्हणू शकत नव्हतो. शेवटी जे खरं तेच लिहिलं: 'पार्कच्या फलकानुसार व व्यवस्थापनाच्या फोनवरील आदेशानुसार. कॅलिपर काढून टेस्ट सीटवर बार दोन्ही मांड्यांवर लागला. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये अशी सरसकट मनाई नाही.' खाली सही. बाईंनी फोटो काढला आणि शिक्का मागितला. राइडवर शिक्का कुठला? अटेंडंट पोरगा धावत जाऊन लॉकर काउंटरचा शिक्का घेऊन आला. त्यावर 'पैसे मिळाले' असं होतं. बाई हसल्या, म्हणाल्या, राहू दे.

मुलगी उतरून आली, केस विस्कटलेले, हसतेय की रडतेय कळत नव्हतं. दोघी निघून गेल्या.

मॅनेजरने संध्याकाळी पान फाडायला सांगितलं. नंबरी पान आहे, फाडलं तर ऑडिटला दिसेल, म्हटल्यावर तो गप्प बसला. दोन दिवस बोलला नाही. त्यानंतर पुण्याहून दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचं खुलासा मागणारं पत्र आलं, तेव्हा मात्र रोज बोलायला लागला. मी उत्पादकाला ई-मेल केली. उत्तर आलं, 'ऑपरेटरने स्थानिक परिस्थितीनुसार निर्णय घ्यावा.' म्हणजे चेंडू परत माझ्याकडे.

आणि एक गोष्ट मला खरंच सुटत नाही. टेस्ट सीट हलत नाही. पोलिओ एका पायापुरताच थांबला होता की पोटा-पाठीच्या स्नायूंपर्यंत गेला होता, हे मी विचारलं नाही, आणि विचारायचं कसं तेही मला माहीत नाही. तिसऱ्या वळणावर गाडी अंगाला बाजूला फेकते, तिथे ताठ बसणं म्हणजे काय ते ऑफिसच्या खुर्चीवरून ठरत नाही. पण तो प्रश्न मी कमावलेल्या दंडांच्या त्या गृहस्थालाही विचारला नव्हता.

पावसाळ्यात राइड देखभालीसाठी बंद असते. तेव्हा पोरांना घेऊन एक ड्रिल केलं. रिकामी गाडी लिफ्टवर थांबवली, एका अटेंडंटच्या पायाला फळी बांधून गुडघा ताठ केला, दुसऱ्याने खालून कुबडी आणून दिली, आणि त्याला उतरवला. सीटपासून जमिनीपर्यंत अकरा मिनिटं. सकाळच्या त्या गृहस्थाच्या चाळीस मिनिटांशेजारी हा आकडा मी लॉगबुकात लिहिला आहे, आणि प्रत्येक राइडला वेगळी यादी असावी असा एक पानी प्रस्ताव जोडला आहे. मॅनेजरची सही अजून व्हायची आहे. परवा विचारलं तर म्हणाला, आधी आयुक्तालयाला काय कळवायचं ते ठरू दे.