ऑलसीझन टायर: सगळे बर्फाचं विचारतात, जुलैचं कुणीच विचारत नाही

ऑक्टोबर लागला की आमच्या स्टुटगार्टच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय ठरलेले असतात, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर कोण घेतंय आणि टायर बदलायची अपॉइंटमेंट कुणाला कुठे मिळाली. फराळात मी फक्त खाण्यापुरता. टायरच्या चर्चेतून मात्र काही वर्षांपूर्वीच बाहेर पडलोय, कारण गाडीला ऑलसीझन, म्हणजे बारा महिने एकच सेट चालणारे टायर टाकले. तेव्हापासून दर हिवाळ्यात पुण्याहून नवीन आलेला कुणीतरी मेसेज करतोच, "दादा, बर्फात चालतात का हो हे?" दरवेळी तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

तर बर्फात चालतात. निदान मी जिथे राहतो आणि जसा फिरतो तिथे तरी मस्त चालतात. या टायरची खरी रड उन्हाळ्यात आहे आणि ते मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

आधी कायद्याचं बघू कारण त्यात भरपूर गैरसमज आहेत. आपल्याकडे टायरला सीझन वगैरे भानगडच नसते, गोटा होईपर्यंत एकच सेट, पावसाळ्याच्या तोंडावर फारतर नक्षी बघायची आणि घाटात जायचं असेल तर बदलायचा. इथे बहुतेकांकडे दोन सेट असतात, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी आणि बाकीचे महिने उन्हाळी. पण हे कॅलेंडर नुसतं सवयीचं आहे, जर्मन कायद्यात तारीख कुठेही नाही. कायदा एवढंच म्हणतो की रस्त्यावर बर्फ, अर्धवट वितळलेला बर्फ किंवा गोठलेला निसरडा थर असेल तर त्या वेळी चालणाऱ्या गाडीला हिवाळी टायर पाहिजेत. म्हणजे डिसेंबरात रस्ता लख्ख कोरडा असेल तर उन्हाळी टायरवर फिरलात तरी दंड नाही, आणि एप्रिलात मधेच बर्फ पडला आणि तुम्ही उन्हाळी टायर लावून निघालात तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या गुन्ह्यांच्या सरकारी नोंदीत, एक पॉइंट. त्यात कुणाचा रस्ता अडवून बसलात तर ८०. गाडी मित्राची असेल आणि त्याने माहीत असून दिली असेल तर त्यालाही ७५ युरो आणि पॉइंट, त्यामुळे बर्फाच्या दिवशी कुणाची गाडी मागायची तर आधी टायर बघून घ्या म्हणजे मैत्री टिकेल.

आता हिवाळी टायर कशाला म्हणायचं, तर टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चिन्ह हवं. हे चिन्ह असलेला ऑलसीझन टायर कायद्याच्या दृष्टीने हिवाळीच, विषय संपला. पूर्वी नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालायचं पण ती अक्षरं कंपन्या आपल्या आपणच छापायच्या, त्याला चाचणी लागायची नाही. म्हणून २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या तसल्या टायरना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत सूट दिली होती आणि तीही आता संपली. सेकंडहॅण्ड गाडी घेणाऱ्यांनी हे नक्की बघा, विकणारा "ऑलसीझन आहेत" म्हणतो ते खोटं नसतं पण डोंगर नसेल तर हिवाळ्यात उपयोग शून्य. टायरच्या बाजूला छापलेल्या डीओटी या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे पण वाचा, ३५१७ म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा.

पण या चिन्हावरही फार भाळू नका. त्यासाठीची चाचणी दाबलेल्या बर्फावरच्या पकडीची असते, एका ठरलेल्या संदर्भ टायरच्या तुलनेत. ओल्या डांबरावर तो कसा थांबतो, काचेसारख्या बर्फावर काय करतो, याबद्दल तो डोंगर काही बोलत नाही. ओल्याचं युरोपियन लेबलवर ए ते ई अशा अक्षरात मिळतं, आणि काचबर्फासाठी लेबलवर वेगळं चिन्ह आहे जे मुख्यतः नॉर्डिक देशांसाठी बनवलेल्या टायरना असतं.

बर्फावर टायर पकड कशी घेतो हे कळलं की बराच गोंधळ मिटतो. हिवाळी नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. टायर फिरताना त्या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. शिवाय मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो आणि तो खालच्या बर्फाला चिकटतो, कारण बर्फाला सगळ्यात छान धरतो तो बर्फच. खाचेत बर्फ भरलेला बघून घाबरणारे असतात, तो भरलेलाच बरा. आणि रबर थंडीत कडक होऊ नये म्हणून मिश्रण वेगळं, सिलिका वगैरे घालून मऊ ठेवलेलं. उन्हाळी टायरचं रबर थंडीत ताठरतं. तापमान सात डिग्रीच्या खाली गेलं की हिवाळी टायर लावा, या नियमाचं एवढं स्तोम माजवलंय की विचारू नका, सात डिग्रीला काही रबराचं बटण दाबलं जात नाही, हळूहळू बदलतं ते आणि टायरटायरवर अवलंबून असतं.

आता आमच्याकडची परिस्थिती. स्टुटगार्टचा मधला भाग खोलगट आहे, चारी बाजूंनी टेकड्या, त्यामुळे खाली बर्फ टिकतच नाही. कित्येकदा खाली नुसता पाऊस आणि नॉये वाइनश्टाइगेने चढून डेगरलोखला पोचेपर्यंत सगळं पांढरं. पण तो रस्ता मोठा, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी गाडी पहाटेच फिरून गेलेली असते. त्रास होतो तो वरच्या गल्ल्यांमध्ये जिथे मीठवाली गाडी दुपारपर्यंत येत नाही आणि चढ असा की पायी चालतानाही कठडा धरावा लागतो. तिथे माझी गाडी आजवर कधी अडकलेली नाही, चाकं थोडी फिरतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो आणि चढते. उतारावर मात्र मी अगदी बैलगाडीच्या चालीने येतो कारण चढता येणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फोरव्हील ड्राइव्हवाल्यांनाही सांगून कळत नाही.

उल्मकडे जाताना ए ८ या आउटोबानवर (हायवेवर) अल्बचा, म्हणजे इथल्या डोंगरपठाराचा चढ लागतो, ड्राकेनश्टाइनर हांग. चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा, आणि जोरात बर्फ झाला की ट्रक आडवे होऊन सगळं ठप्प. तिथे तुम्ही कुठलाही टायर लावा, पुढचा ट्रक हलेपर्यंत बसायचंच आहे. त्यामुळे बर्फाचा इशारा असेल तर आम्ही तिकडे जातच नाही, किंवा ट्रेनने जातो. हा ऑलसीझनच्या हिशोबातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मला वाटतं. ज्याला वाईट दिवशी गाडी घरी ठेवता येते त्याच्यासाठी हे टायर. ज्याचं ऑफिस अल्बवर आहे, ज्याची नाइट शिफ्ट आहे, नर्सिंगवाली मंडळी जी पहाटे पाचला मीठ पडायच्या आधी निघतात, त्यांनी सरळ दोन सेट ठेवावेत, वाद नको.

मुलांना घेऊन स्लेजिंगला ऑस्ट्रियात जाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. फुसेनवरून फर्नपासच्या रस्त्याने टिरोलमध्ये शिरलात की नियम बदलतो. तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर लागतात आणि नक्षीची खोली किमान ४ मिलिमीटर हवी. जर्मनीत कायद्याला १.६ पुरतात. म्हणजे घरी कायदेशीर असलेला तुमचा तीन मिलिमीटरचा ऑलसीझन तिकडे हिवाळी टायर धरलाच जात नाही. एक युरोचं नाणं खाचेत उभं घालून बघायचं, त्याची सोनेरी कड साधारण तीन मिलिमीटरची असते, ती बाहेर डोकावायला लागली की ऑस्ट्रिया विसरा, आणि जेमतेम झाकली गेली तरी चार भरत नाहीत, नीट मोजून घ्या. आणि चेन डिकीत असू द्या, साखळीचं चित्र असलेला निळा गोल बोर्ड दिसला की टायर कितीही भारी असला तरी चेन लावावीच लागते.

आता उन्हाळा.

जुलैत इथे पस्तीस डिग्री सहज होतं, डांबर त्याहून कितीतरी तापतं, आणि थंडीत लवचिक राहावं म्हणून मऊ ठेवलेलं रबर, वर त्या सगळ्या चिरा, हे तापल्यावर नक्षीचे ठोकळे हलायला लागतात. नेहमीच्या वेगात काही जाणवत नाही. पण आउटोबानवर १३०-१४० ला असताना पुढच्याने अचानक ब्रेक मारला किंवा एक्झिटच्या वळणावर थोडं जास्त वेगात शिरलात की गाडी क्षणभर उशिरा ऐकते, स्टिअरिंग पिळलं जातंय आणि चाक मागून येतंय असं काहीतरी. कोरड्या गरम रस्त्यावर थांबायचं अंतर चांगल्या उन्हाळी टायरपेक्षा काही मीटरने जास्तच असतं, टायरच्या चाचण्यांमध्ये हेच पुन्हापुन्हा दिसतं. आणि बघा ना, वर्षात बर्फावर माझी गाडी चालते किती आणि गरम डांबरावर किती. बर्फात आपण मुळातच घाबरून हळू चालवतो, उन्हाळ्यात इटलीला निघालो की डिकी गच्च, मागे मुलं, टपावर बॉक्स, आणि वेग तोच. मी उन्हाळ्यात पुढच्या गाडीपासून अंतर मुद्दाम वाढवलंय आणि १२० च्या वर सहसा जात नाही. बायको म्हणते म्हातारा झालास, असू दे.

झिजतातही उन्हाळ्यातच. फ्रंटव्हील ड्राइव्ह असेल तर पुढचे टायर पटापट जातात, म्हणून साधारण दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घ्यायचे. बऱ्याच ऑलसीझनची नक्षी व्ही आकाराची, एकाच दिशेने फिरणारी असते, बाजूला बाण असतो, त्यामुळे डावे डाव्याच बाजूला राहू द्या. हे केलं नाही तर दोनच टायर बदलायची वेळ येते आणि मग पुढे एक मागे एक असं गाडीचं वागणं सुरू होतं.

सगळे ऑलसीझन सारखे नसतात हे पण दुकानात कुणी नीट सांगत नाही. काही मुळात हिवाळी टायर असतात ज्यांना उन्हाळा झेपवायला शिकवलंय, काही उलटे. मिशेलिनने २०१५ मध्ये क्रॉसक्लायमेट आणला तो उलट बाजूने, म्हणजे उन्हाळी टायर पण डोंगराचं चिन्ह मिळवलेला, आणि त्यानंतर युरोपात हा बाजार चांगलाच पेटला. गुडइयरचा व्हेक्टर त्याच्या खूप आधीपासून आहे. आणि फ्रेडेश्टाइन, जे डच नाव म्हणून इथले लोक कौतुकाने घेतात, ती कंपनी २००९ पासून आपल्या अपोलोची आहे, ऑफिसात एकाला सांगितलं तर त्याचा विश्वासच बसला नाही. माझ्यासारख्या सखल भागातल्याने उन्हाळ्याकडे झुकणारा घ्यावा, आल्प्सच्या पायथ्याला अल्गॉयमध्ये राहणाऱ्याने हिवाळ्याकडे झुकणारा.

पैशाचं म्हणाल तर बचत आहे पण लोक सांगतात तेवढी नाही. दोन सेट असले तरी एक वापरात असताना दुसरा झिजत नाही, त्यामुळे रबराचा खर्च जवळपास सारखाच पडतो. वाचतात ते दुसऱ्या सेटच्या रिमचे पैसे, टायर प्रेशरच्या सेन्सरचे (नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सगळ्या नवीन गाड्यांना ती सिस्टिम सक्तीची आहे, म्हणजे बऱ्याच गाड्यांना दुसऱ्या सेटसाठी आणखी चार सेन्सर), वर्षातून दोनदा बदलायचे आणि ठेवायचे पैसे. तळघर नसेल तर टायर ठेवायचं भाडं मोजा, मग फरक दिसतो. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याने या फंदात पडू नये, दहाच्या आसपास असेल तर जरूर.

परवा चिंचवडहून आतेभाऊ विचारत होता की असले टायर तिकडे घेऊ का, ताम्हिणीत पावसात पकड चांगली मिळेल. नको म्हटलं. पावसात लागते ती पाणी बाहेर फेकणारी खोल नक्षी आणि ओल्यावर चांगलं रबर, ते साध्या चांगल्या टायरमध्येही मिळतं. बर्फासाठीच्या चिरांचे आणि मऊ रबराचे पैसे मोजून ते एप्रिल-मेच्या रस्त्यावर घासायचे कशाला. हां, मनाली-लडाखकडे राहत असता तर बोललो असतो. त्याला म्हटलं आहेत त्यांची खोली मोज, हवा बघ, आणि स्टेपनीत पण हवा आहे का बघ. स्टेपनीत नव्हती.